रोज नऊ मिलीग्रॅम आर्सेनिक

पाण्यातलं आर्सेनिक मोजणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. अंधेरीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. बोअरचं पाणी, तांदूळ, मसाले, सुकी मासळी असे नमुने येतात. घन नमुने नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचे आणि आयसीपी-एमएस यंत्रावर त्यांतलं शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक किती ते काढायचं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम. इतकं कमी मोजायचं तर बाटल्या आदल्या रात्री ॲसिडमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. खारट नमुना असेल तर आणखी सावध राहावं लागतं, कारण यंत्रातला आरगॉन आणि मिठातलं क्लोरीन जोडले गेले की त्यांचं वस्तुमान बरोबर आर्सेनिकइतकं, म्हणजे ७५ भरतं, आणि नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. वर्षानुवर्षं मी हा पदार्थ हुडकून काढण्यासाठी पगार घेते आहे.

म्हणून माझ्या धाकट्या भावाला रोज नऊ मिलीग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइड शिरेतून द्यायचं ठरलं, तेव्हा त्या आकड्याचं वजन घरात फक्त मला कळत होतं. ट्रायऑक्साइडमधला ऑक्सिजन हिशेबात धरला नाही, तर नऊशे लिटर पिण्याच्या पाण्यात मिळून जेवढं चालवून घेतात तेवढं दोन तासांत त्याच्या रक्तात सोडायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

भाऊ लालबागला राहतो, वायरिंगची कामं घेतो. पावसाळ्यात ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांडीवर मार न लागता निळे डाग उठले, अंगात कसकस. पावसाळ्यात मुंबईत प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंग्यू, हे आता डॉक्टर सांगायच्या आधी शेजारीच सांगतात. जवळच्या दवाखान्यातही डेंग्यू धरूनच उपचार सुरू झाले. पपईच्या पानांचा रस झाला, किवी झाली. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली तरी ‘कधी कधी येते तशी’ म्हणून दिवस गेले. प्लेटलेट खालीच, आणि पांढऱ्या पेशीही उतरत्या. शेवटी एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी काचपट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि रिपोर्ट छापायची वाटही न बघता थेट फोन केला: “आजच मोठ्या रुग्णालयात न्या. उद्यावर टाकू नका.” त्या बाईंना मी आजवर भेटलेले नाही. त्यांच्या त्या फोनवर माझा भाऊ जगला असं मी मानते.

हिंदमाताला पाणी भरलं होतं, टॅक्सीनं फिरून परळ गाठलं. तातडीच्या विभागातल्या निवासी डॉक्टर मुलीनं डाग बघितले, काचपट्टी बघितली आणि त्याच रात्री हाडातल्या मगजाचा नमुना घेतला. आजाराचं नाव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल. पक्कं निदान जनुकाच्या तपासणीनं होतं आणि तो रिपोर्ट यायला वेळ लागतो. पण नुसत्या संशयावरच तिनं ॲट्राच्या कॅप्सूल सुरू केल्या. ॲट्रा म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. “रिपोर्टसाठी थांबलो आणि रात्रीत मेंदूत रक्तस्राव झाला, तर रिपोर्टचं काय करायचं?” ती म्हणाली. या आजारात सगळ्यात जास्त माणसं जातात ती सुरुवातीच्या दिवसांत, रक्त गोठण्याची व्यवस्था कोसळल्यामुळे. हा टप्पा ओलांडला की रक्ताच्या कर्करोगांत सगळ्यात बरा होणारा हाच. दोन्ही गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

मग प्लेटलेटची धावपळ. एका दात्याकडून यंत्रानं काढलेल्या प्लेटलेट म्हणजे एसडीपी. दात्याला तास-दीड तास खुर्चीत बसावं लागतं, हाताची शीर चांगली लागते, आणि त्या पिशव्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. गणपती जवळ आले होते, मंडळाच्या पोरांना मंडपाच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. तरी भावाच्या मंडळातली मुलं पाळी लावून आली. एकाची शीर सापडेना, एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तो तर रडवेला झाला. प्लेटलेटबरोबर प्लाझ्माच्या आणि प्लाझ्मापासूनच काढलेल्या क्रायोच्या पिशव्या, कारण फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, खाली होतं. या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. रक्तपेढीच्या बाहेर बसलेल्या कुणालाही ते माहीत असतात.

जनुकाचा रिपोर्ट आला. पंधरा आणि सतरा क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. त्यातून पीएमएल-आरएआरए नावाचं जोडप्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना अर्ध्या वयातच अडकवून ठेवतं, मोठं होऊ देत नाही. पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या खाली असल्यामुळे भाऊ कमी धोक्याच्या गटात होता. डॉक्टर सर म्हणाले, “केमोथेरपी लागणार नाही. ॲट्रा आणि आर्सेनिक.”

आईनं पदर तोंडाला लावला. “सोमल? अहो डॉक्टर, उंदरांना घालतात तो?”

“हो आई, तोच. फक्त आम्ही तो शुद्ध करून, मोजून देतो.”

मी मात्र प्रश्नांची यादीच काढली. सरांनी टाळलं नाही, फेरी संपवून परत आले आणि खुर्ची ओढून बसले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधल्या हार्बिन शहरात, झांग तिंगदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खेड्यातल्या एका वैदूचं औषध कळलं. त्यात आर्सेनिक होतं, पाऱ्याचा क्षार होता आणि टोडच्या, म्हणजे एका जातीच्या बेडकाच्या, अंगातलं विष होतं. त्यांनी त्याचं इंजेक्शन केलं, ल्युकेमियाच्या रुग्णांना गुण येतोय हे पाहिलं, आणि मग एकेक घटक वेगळा करून बघितला. पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडत होती, टोडच्या विषानं रक्तदाब चढत होता, आणि गुण मात्र एकट्या आर्सेनिकचा होता. उरलेले दोन्ही काढून टाकले. पुढे शांघायच्या शास्त्रज्ञांनी १९९६-९७ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले, १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आजार उलटलेल्या बारा जणांना ते दिलं, त्यातल्या अकरा जणांचा आजार मागे हटला. सन २००० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९९८ ते २००४ दरम्यान ७२ रुग्णांना नुसतं आर्सेनिक देऊन बघितलं, त्यातल्या ८६ टक्क्यांचा आजार हटला. महागडी केमो परवडत नाही अशा माणसांच्या देशात त्या कामाचं मोल मोठं आहे. आणि २०१३ मध्ये इटली-जर्मनीतल्या चाचणीत ॲट्रा-आर्सेनिकची थेट ॲट्रा-केमोशी तुलना झाली. दोन वर्षांनी आजार न उलटता किंवा दुसरा घात न होता राहिलेले रुग्ण आर्सेनिकच्या गटात ९७ टक्के, केमोच्या गटात ८६.

मी विचारलं, आर्सेनिक त्या पेशीतच का काम करतं? सरांनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर आकृती काढली. आर्सेनिकला गंधकाची ओढ असते. जोडप्रथिनाच्या पीएमएल या टोकाला गंधक असलेल्या अमिनो आम्लांची जागा आहे, आर्सेनिक तिथं चिकटतं, आणि मग पेशी स्वतःच त्या प्रथिनावर खूण करून त्याला मोडीत काढते. ॲट्रा दुसऱ्या टोकाला धरतं. अडसर निघाला की पेशी मोठ्या होतात आणि आपल्या वयानं मरतात. गंधकाची हीच ओढ आर्सेनिकला विष बनवते: शरीरातल्या कितीतरी विकरांत तेच गंधक आहे. केसांत आणि नखांत ते साठतं, तेही त्यामुळेच. हे मला शाळेपासून माहीत होतं, पण त्या कोऱ्या पानावर दोन्ही गोष्टी एका रेघेनं जोडलेल्या पहिल्यांदा दिसल्या.

मात्रा किलोला ०.१५ मिलीग्रॅम. भाऊ साठ किलोचा, म्हणून नऊ. दहा मिलीलीटरच्या कुपीत दहा मिलीग्रॅम असतं. सिस्टर नऊ मिलीलीटर ओढून घ्यायच्या, सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरून बुडबुडा काढायच्या, दुसऱ्या सिस्टरला दाखवायच्या, दोघींची सही व्हायची, मग ते सलाइनच्या पिशवीत. पिशवीवर नाव, वजन, मात्रा, वेळ. पाण्यासारखं पारदर्शक, वास नाही, रंग नाही. मी पिशवीकडे बघत बसायचे आणि आमच्या प्रयोगशाळेत एवढ्या तीव्रतेचं द्रावण हाताळताना आम्ही काय काय काळजी घेतो ते आठवायचं. इथे काळजी जास्त होती, हे मी केमिस्ट म्हणून सांगते.

आर्सेनिक हृदयाच्या विद्युत लयीत लुडबूड करतं. ईसीजीवर क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. ते लांबलं की लय बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी पाचशे मिलिसेकंदांच्या वर गेला की औषध थांबवायचं. पोटॅशियम चारच्या वर, मॅग्नेशियम १.८ च्या वर ठेवायचं, कारण हे दोन क्षार उतरले की लय आणखी नाजूक होते. सकाळी रक्त, त्याचा रिपोर्ट, मग पिशवी; ईसीजी ठरलेल्या दिवशी. पोटॅशियमचं सिरप भयंकर कडू-खारट. भाऊ नाक दाबून प्यायचा आणि वर शहाळ्याचं पाणी मागायचा. मॅग्नेशियम शिरेतून जाताना अंगभर गरम लहर येते म्हणायचा. एकदा क्यूटी पाचशेच्या वर गेला, तेव्हा त्या दिवशीची पिशवी लावलीच नाही. उलटीचं नेहमीचं औषधसुद्धा क्यूटी लांबवतं म्हणून बदललं. आईला वाटलं औषध चुकवलं, आता आजार परत उठणार. मला उलट त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला.

खरी भीती दुसऱ्याच वळणावर आली. अडकलेल्या पेशी एकदम मोठ्या व्हायला लागल्या की त्यांच्यातून जे स्रवतं त्यानं शरीर सुजतं. डॉक्टर त्याला डिफरन्सिएशन सिंड्रोम म्हणतात. सिस्टर रोज सकाळी वजन करायच्या, मला वाटायचं नुसती रीत असेल. एका सकाळी वजन एकदम वाढलेलं निघालं, दुपारी ताप, संध्याकाळी धाप. छातीच्या एक्स-रेमध्ये पांढुरकी छाया. संसर्ग आहे की हा प्रकार, हे ठरेपर्यंत कुणी थांबलं नाही. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लगेच सुरू झालं, जोडीला प्रतिजैविकं. ऑक्सिजनची नळी लावलेला भाऊ खुणेनं विचारत होता, काय चाललंय. मी म्हटलं, “औषध लागू पडतंय, म्हणून असं होतंय.” हे खोटं नव्हतं, पण तोंडातून निघताना घसा दाटून आला. तीन-चार दिवसांत धाप उतरली.

त्याच सुमारास वॉर्डाबाहेरच्या बाकावर पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचे एक गृहस्थ भेटायचे. मुलगा आत होता, त्याला वेगळ्या प्रकारचा ल्युकेमिया. स्वतः दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले. त्यांना कुणाकडून तरी माझ्या भावाच्या औषधाचं नाव कळलं. त्यांनी तळहात पुढे केले. तळव्यांवर बारीक, टणक उंचवटे, मनगटाच्या वर त्वचेवर पांढरे-काळे ठिपके. पुस्तकात पाहिलेलं आर्सेनिकचं दुखणं मी पहिल्यांदाच समोर पाहत होते. त्यांच्या वस्तीतला हातपंप तपासून सरकारी माणसांनी त्याला लाल रंग मारला होता, पण तोवर त्यांचं अर्धं आयुष्य त्याच पाण्यावर गेलेलं. हिंदीत म्हणाले, “ताई, ज्यानं माझे हात असे झाले तेच तुमच्या भावाला देतात?” मी सांगितलं, देतात, पण काही महिन्यांपुरतं, मोजून, आणि रोज रक्त बघून. तुम्हाला मिळालं ते कुणी मोजलंच नव्हतं. त्यांनी मग खरा प्रश्न विचारला: मुलाचा आजार पाण्यामुळे का? पाण्यातल्या आर्सेनिकचा त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाशी संबंध पक्का आहे, पण मुलाच्या ल्युकेमियाचा दोष त्या हातपंपावर टाकता येणार नाही, एवढं मी बोलू शकले. ते बराच वेळ हात चोळत बसले. नऊशे लिटरचा माझा हिशेब मी त्यांच्यासमोर कधी काढला नाही.

नातेवाइकांत आजार कळला तशा सूचना सुरू झाल्या. गावाकडच्या काकांनी कागदात बांधलेल्या पुड्या आणल्या, कुठल्याशा वैदूचं भस्म. “तुमचे डॉक्टर सोमलच देतात ना? मग हेही तेच आहे, नैसर्गिक.” काकांची माया खरी होती, म्हणून त्यांना रागावून बोलवलं नाही. पण पुडी मी माझ्या पर्समध्ये टाकली आणि भावापर्यंत जाऊ दिली नाही. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली गेली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हार्बिनच्या डॉक्टरांनीही अशाच पुडीपासून सुरुवात केली होती, हे मी काकांना सांगितलं. त्यांनी त्या पुडीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तपासून ठरवलं, मग ते माणसाच्या शिरेत गेलं. या कागदातल्या पुडीत किती काय आहे, ते बांधणाऱ्यालाही ठाऊक नाही. भावाचं यकृत आधीच आर्सेनिक बाहेर टाकायच्या कामाला जुंपलेलं होतं, एन्झाइम्स वाढलेली होती. त्यात अनोळखी धातूंची भर मी घालू दिली नसती, काकांनी अबोला धरला असता तरी.

काउंट वर आले, मगजाच्या तपासणीत आजार मागे हटल्याचं दिसलं आणि भाऊ घरी आला. पहिली मागणी, “ताई, बोंबील चालतील का? त्यातही आर्सेनिक असतं, तूच म्हणाली होतीस.” असतं. सुक्या बोंबलाचा नमुना यंत्रावर चढवला तर एकूण आर्सेनिकचा आकडा पाण्याच्या मर्यादेपुढे प्रचंड दिसतो. पण समुद्री मासळीतलं बहुतेक आर्सेनिक कार्बनला बांधलेलं, आर्सेनोबीटेन या रूपात असतं. ते शरीरात न मोडता लघवीवाटे निघून जातं, अपाय करत नाही. पाण्यातलं आणि पिशवीतलं असेंद्रिय आर्सेनिक वेगळं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले ताजे, नीट शिजवलेले खुशाल द्या. आईनं त्या दिवशी ओल्या बोंबलांचं कालवण केलं.

पुढचे महिने डे-केअरचे. आठवड्यातले पाच दिवस पिशवी, असे चार आठवडे, मग चार आठवडे सुट्टी, आणि हे चक्र चार वेळा. ॲट्राच्या कॅप्सूल दोन आठवडे सुरू, दोन आठवडे बंद. कॅप्सूलनं ओठ फुटायचे, डोकं ठणकायचं. करी रोडहून तो आता एकटा चालत परळला जायचा. या काळात एकदा घसा बसला, म्हणून शेजारच्या दवाखान्यात अझिथ्रोमायसिन लिहून दिलं. तेही क्यूटी लांबवतं. औषधाच्या दुकानाच्या काउंटरवरूनच मी वॉर्डला फोन लावला आणि औषध बदलून घेतलं. ज्यांच्या घरी हे उपचार चालू असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बाहेरच्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर ‘आर्सेनिक चालू आहे’ हे आधी सांगा, आणि बुरशीच्या, उलटीच्या, सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळीसाठीसुद्धा आपल्या वॉर्डला विचारा.

नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. नख वाढत गेलं तशा त्या पुढे सरकल्या आणि कापल्या गेल्या. शेवटच्या चक्रानंतर मगजाच्या नमुन्यात पीएमएल-आरएआरए सापडलं नाही. पहिल्या टप्प्यानंतर ही तपासणी निर्णायक धरत नाहीत, खरा निकाल या टप्प्यावरचा, असं सरांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळे तोवर आम्ही पेढे थांबवले होते.

पायांना मात्र अजून मुंग्या येतात. आर्सेनिकनं नसांना दिलेला हा त्रास हळूहळू कमी होतो, असं डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला चप्पल पायातून निसटलेली कळायची नाही, आता कळते. शिडीची पायरी तळव्याला नीट लागत नाही, म्हणून कामावर वरची पाइपलाइन त्याचा मदतनीस ओढतो आणि भाऊ खाली उभा राहून बोर्ड जोडतो. दर काही महिन्यांनी जनुकाची तपासणी आहे. नखांचे आणि केसांचे तुकडे मी जपून ठेवलेत. डॉक्टरांची आणि आमच्या मॅनेजरांची परवानगी मिळाली, तर उपचारांच्या आधीचे, मधले आणि नंतरचे असे नमुने यंत्रावर लावून बघायचा माझा विचार आहे.